पाठकोरा रोखा

१८७५ च्या मे-जूनमध्ये पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांत सावकाराच्या ओट्यापुढे जमाव जमला की पहिली मागणी एकच असे: कागद काढा. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे, पेटीत जे काही असेल ते. सावकाराने मुकाट्याने पेटी उघडली तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी बोट लावले नाही. कागद हाती पडत, त्यांची होळी होई आणि माणसे पांगत. त्याने टाळाटाळ केली, तर मात्र कडबा आणि पलित्याची भाषा सुरू होई.

ठिणगी नगरची नव्हे. घोडनदीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्यांचे घर लिलावात घेतले आणि ते पाडण्याची भाषा केली. गावाने सावकारांना वाळीत टाकले. न्हावी, पाणक्या, शेतावरचा गडी, कुणीच त्यांच्या दारी जाईना. मग १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात पहिला मोठा दंगा झाला. नगरकरांना सुपे म्हटले की पारनेरचे, आता कारखान्यांनी गजबजलेले सुपे आठवते. हे ते नव्हे. हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले, पुणे जिल्ह्यातले. पण वणवा तालुक्याच्या शिवा पाहत नाही. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली आणि त्यांतली पाचशेच्या आसपास दोषी ठरली.

सरकारने चौकशीला आयोग नेमला. कर्ज, व्याज, सारावाढ, अमेरिकेतल्या यादवीने चढलेला आणि ती संपताच कोसळलेला कापसाचा भाव, अशी सगळी कारणे त्याने तपासली. इतिहासाच्या पुस्तकांत तीच येतात. मला मात्र त्या जळणाऱ्या कागदाकडे जरा जवळून पाहावेसे वाटते. त्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलेले असे, हे सगळ्यांनी सांगितले आहे. त्याच्या पाठीवर काय होते?

बहुतेक वेळा काहीच नव्हते.

मराठीत 'पाठकोरा' हा फार चांगला शब्द आहे. एका बाजूला मजकूर आणि दुसरी बाजू रिकामी, असा कागद. काटकसरी घरांत पाठकोऱ्या कागदांवर हिशेब मांडले जातात, मुलांची गणिते सुटतात. पण पैशाच्या व्यवहारात कागदाची पाठ ही उरलेली जागा नसते, तिथेच कागदाचे पुढचे आयुष्य लिहिले जाते. हुंडी कुणाकडून कुणाकडे गेली, रोख्यावर किती फेड झाली, चेकचे पैसे कुणाला मिळावेत, हे सारे पाठीवर. बँकेच्या मराठीत याला 'पृष्ठांकन' म्हणतात. इंग्रजीतला 'एन्डॉर्समेंट' हा शब्दही लॅटिनमधल्या 'पाठीवर' या अर्थाच्या शब्दांवरूनच आला आहे.

नगरच्या पेठेत त्या काळी एकाच पेढीवर दोन तऱ्हेचे कागद नांदत. एक कुणब्याचा रोखा. दुसरी हुंडी.

हुंडीची गरज का पडे ते वजनावरून कळते. कंपनी सरकारचा रुपया एक तोळा वजनाचा, शेर ऐंशी तोळ्यांचा. म्हणजे हजार रुपये साडेबारा शेर भरत. नगरातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तो १८७८ साली. त्याआधी सुताच्या व्यापाऱ्याला मुंबईचे देणे चुकवायचे तर ही चांदी बैलांच्या पाठीवर लादून बोरघाट नाहीतर माळशेज उतरायचा, वाटेत भिल्ल, रामोशी आणि पाऊस. त्यापेक्षा नगरच्या सराफाकडे रुपये भरावेत, त्याने मुंबईच्या आपल्या आढत्यावर चिठ्ठी लिहून द्यावी, आणि ती चिठ्ठी टपालाने जावी, हे शहाणपणाचे. सराफ याचे जे काही घेई, ते हुंडणावळ. पेठेत त्या गावच्या हुंड्यांना मागणी किती यावर ती चढे-उतरे. आपण आज 'चेक वटला' म्हणतो, त्यातला 'वटणे' आणि सराफाचा 'वटाव' एकाच घराण्यातले.

हुंडी ही काही नवी चीज नव्हती. पेशवाईत फौजांचे पगार आणि खंडण्यांचे हप्ते हुंड्यांवर फिरत. जामखेड तालुक्यातले खर्डे आपल्याला १७९५ च्या मार्चमधल्या लढाईमुळे माहीत असते. निजामाने तिथे हार खाऊन मोठी खंडणी कबूल केली. पण खर्डे सावकार-व्यापाऱ्यांचेही नांदते गाव होते, आणि तिथला भुईकोट किल्ला बांधणारे निंबाळकर सावकारांवाचून दरबार चालवत नव्हते. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' रचला, त्यात नरसी मेहत्यांची हुंडी आहे. घरात दमडी नसलेला भक्त द्वारकेच्या सावळ्या शेठावर हुंडी लिहितो आणि देव शेठाचा वेश घेऊन ती सकारतो. ही कथा कीर्तनात ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हुंडी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते. आपण ज्याच्यावर लिहिली त्याने ती पाळली नाही तर अब्रू जाते, एवढे त्याला ठाऊक होते. महिपती स्वतः कुलकर्णी होते, म्हणजे त्यांचा जन्मच कागदांत गेला असता. त्यांनी ती लेखणी सोडून दुसरी धरली.

हुंडी लिहिण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मोडी वाचणाऱ्या जाणकाराशेजारी बसून अशी जुनी हुंडी पाहिली, तर पहिल्यांदा वाटते की लिहिणाऱ्याला आपल्याच शब्दावर भरवसा नव्हता. रक्कम आकड्यांत. मग अक्षरांत. मग तिचे निमे किती ते, आणि त्या निम्म्याची दुप्पट पुरी द्यावी, असे. शंभराचे हजार करायला निघालेल्या माणसाने आकड्यापुढे शून्य वाढवले तरी पन्नासाचे काय करायचे? कागदातच कुलूप बसवलेले असे. त्याशिवाय पैसे कुणी भरले, कुठल्या मितीस, दर्शनी की मुदती, म्हणजे दाखवताच द्यायचे की ठरल्या दिवसांनी, आणि शेवटी ते द्यायचे कुणाला.

या शेवटच्या प्रश्नापाशी आपण पाठीवर येतो. हुंडी 'धनीजोग' असेल तर पैसे हुंडीच्या धन्याला. 'नामजोग' असेल तर ज्याचे नाव आत लिहिले त्याला, किंवा तो पाठीवर सही करून ज्याला देईल त्याला. ही आजच्या ऑर्डर चेकची सख्खी बहीण. तिसरी 'शाहजोग', आणि पेठेत मान तिचा. शाह म्हणजे बाजारात ज्याची पत आहे असा व्यापारी. शाहजोग हुंडी हातोहात फिरे. सुतारापासून सोनारापर्यंत, सोनारापासून सावकारापर्यंत, पाठीवर एकही अक्षर न उमटता. फक्त पैसे घ्यायच्या वेळी ती एखाद्या शाहाच्या हातून यायला हवी. हुंडी ज्याच्यावर काढली तो पेढीवाला वाटेतल्या माणसांची नावे विचारत नसे, समोर बसलेला शाह कोण आहे एवढे पाही. उद्या हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे परत करण्याची, व्याजासकट, जबाबदारी त्या शाहाची.

विलायती पद्धतीत सह्यांची माळ लागते. प्रत्येक सही करणारा पुढच्याला सांगतो: कागद वटला नाही तर माझ्याकडे ये. पाठ भरून गेली तर वर एक पट्टी चिकटवायची आणि सह्या पुढे चालवायच्या. शाहजोग हुंडीत माळच नाही. साऱ्या मण्यांचे ओझे शेवटच्या एका मण्यावर. परगावच्या बाजारात ओळखीची माणसे मोजकी आणि अब्रूची किंमत मोठी असली तरच हे चालते. तसा बाजार तेव्हा होता. हुंडी हरवली तर लिहिणारा 'पैठ' लिहून देई, तीही हरवली तर 'परपैठ', आणि पुढे पंचांचा मेजरनामा. वटलेल्या, निकामी झालेल्या हुंडीला 'खोका' म्हणत. खोका फेकायचा नसे. तो जपून ठेवायचा, कारण पैसे दिल्याची तीच साक्ष.

आता त्याच पेटीतला दुसरा कागद.

कुणब्याचा रोखा स्टँपाच्या कागदावर. मजकूर गावच्या लेखकाने लिहिलेला, वहीतला हिशेब बहुधा मारवाडी वळणाच्या अक्षरांत, म्हणजे गावात शिकलेला एखादा असला तरी त्यालाही न लागणारा. खाली कुणब्याची निशाणी: नांगर. जुन्या कागदांवर जातीधंद्याची अशी चिन्हे दिसतात. पाटील-कुणब्याचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी-दऊत. वाचता येत नाही त्याने आपले औत कागदावर काढून द्यायचे. पुढे ते औत, बैल आणि जमीन याच कागदापोटी जायची असत, हा योगायोग कुणी घडवून आणला नव्हता.

रोखा लिहिला, पैसे (किंवा पैशांतले काही) मिळाले, सुगीला कुणब्याने दहा पायल्या ज्वारी आणि काही रुपये नेऊन घातले. हा वसूल कुठे चढायचा? रीतीने रोख्याच्या पाठीवर. अमुक मितीस इतके पोहोचले. पण रोखा सावकाराच्या पेटीत आणि लेखणी त्याच्याच हातात. पावती देण्याची पद्धत जवळपास नव्हतीच. आयोगापुढे ही तक्रार वारंवार आली: दिलेले पैसे रोख्यावर चढत नाहीत, पावती मिळत नाही, आणि कोर्टात उभे राहिल्यावर साक्ष देतो तो कागद, ज्याच्या पाठीवर काहीच नाही.

सावकार लबाड होते म्हणून पाठ कोरी राहिली, असे म्हणून हात झटकता येतील. लबाड होतेही. पण कायद्यानेही पाठ कोरी ठेवायला हातभार लावला होता, आणि ही बाजू फारशी सांगितली जात नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा करायला तीन वर्षे ठरवून दिली, नोंदणी केलेल्याला सहा. हेतू चांगला होता: जुनीपुराणी कर्जे उकरून काढू नयेत. घडले असे की तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा मागू लागला, व्याज मुदलात मिळवून. मधे काही फेड झाली तर मुदत पुन्हा सुरू होई खरी, पण १८७१ च्या कायद्याप्रमाणे मुदलाच्या त्या फेडीची नोंद देणाऱ्याच्या हातची हवी. नांगर काढणाऱ्या कुणब्याने पाठीवर नोंद लिहायची कशी? मग सावकाराला पाठीवर लिहून मिळवायचे काय होते? जुना रोखा रद्द, नवा रोखा तयार, आणि त्याची पाठ पुन्हा कोरी.

हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरमहा दरशेकडा दोन. तीन वर्षांचे व्याज बहात्तर. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये १३ आणे. नवव्या वर्षाअखेर पाचशे आठ रुपयांच्या वर. आपल्याकडे दामदुपटाचा जुना नियम होता: व्याज मुदलाच्या वर जाऊ द्यायचे नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणको-धनकोंना तो लावतही. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे झाले तर दामदुपट कशाचे मोजायचे? नियम पुस्तकात शाबूत राहिला, आणि शंभराचे पाचशे झाले.

म्हणून ती होळी मला अडाण्यांचा उद्रेक वाटत नाही. कोर्टात आपल्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही, किंमत त्या कागदाला आहे, हे नगर-पारनेरच्या माणसांनी अनुभवाने ओळखले होते. त्यांनी दरोडेखोरासारखी तिजोरी फोडली नाही, वकिलासारखा पुरावा शोधला. फक्त वकील तो दाखल करतो, यांनी तो जाळला.

सरकारचे उत्तर १८७९ च्या सतराव्या कायद्यात आले: दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाने रोख्यावर न थांबता मागे, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत जावे, मुद्दल आणि व्याज यांचे खाते वेगळे मांडावे, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, ही त्याची ठळक कलमे. मला त्यातले एक लहानसे कलम फार बोलके वाटते. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहायचा. दस्तात मोबदला किती आणि कशाचा, ते पुरते लिहायचे. आणि निबंधकाने त्याच दस्तावर स्वतःच्या हाताने शेरा मारायचा: हा पैसा माझ्यासमोर दिला गेला की नाही. जुन्या रोख्याच्या जागी नवा होत असेल तर जुना पुढे ठेवायचा, नव्यात त्याचे वर्णन करायचे, आणि जुन्यावरही खूण करायची.

म्हणजे कायद्याने पाठकोरा रोखा बेकायदा ठरवला असे म्हटले तरी चालेल. शिवाय फेडीची पावती, आणि शेतकऱ्याने मागितल्यास वर्षाचे खाते आणि पासबुक देणे सावकाराला भाग पडले. तेव्हाचे ते पासबुक आणि आज सोसायटीच्या खिडकीत सरकवतो ते पासबुक यांचे नाते लांबचे असेल, पण आहे.

तिढा पुढे झालाच. निबंधकाच्या शेऱ्याला वैतागून सावकारांनी रोखा सोडला आणि खरेदीखताकडे वळले. कागदावर विक्री, तोंडी बोली गहाणाची: पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन. तोंडी बोलीला पाठच नसते, शेरा मारणार कुठे? अखेर १९०७ साली कायद्यात कलम वाढवावे लागले, की खरेदीखत दिसायला विक्रीचे असले तरी मुळात ते गहाण होते हे तोंडी पुराव्याने दाखवता येईल. तोवर किती जमिनी गेल्या असतील ते नगरच्या जुन्या फेरफारांत धुंडाळावे लागेल. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला तेव्हा कोर्ट-कचेरीच्या कागदांविषयीचा त्यांचा संताप याच दिवसांतला होता.

त्याच सुमारास वरच्या दरबारात दुसरा कागद कायद्याच्या साच्यात बसत होता. हुंड्या, बिले, चेक आणि वचनचिठ्ठ्या यांच्यासाठी एक कायदा करावा असा मसुदा १८६६ मध्ये तयार झाला, १८६७ च्या डिसेंबरात विधिमंडळात आला, आणि मग अडकला. व्यापाऱ्यांनी हरकती घेतल्या, समित्या बसल्या, मसुदे बदलले. चौदा वर्षांनी, ९ डिसेंबर १८८१ ला तो मंजूर झाला आणि १ मार्च १८८२ पासून लागू झाला. सरकारी मराठीत त्याचे नाव परक्राम्य संलेख अधिनियम. बँकेतली माणसे एनआय ॲक्ट म्हणतात, आणि जिभेच्या दृष्टीने ते बरोबरच करतात. हा कायदा आजही तोच आहे.

या कायद्याच्या पहिल्याच कलमाने देशी भाषांत लिहिलेल्या कागदांविषयीचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले. हुंडीच्या मजकुरातच हा कायदा लागू व्हावा असे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. शाहजोग हुंडी त्यामुळे आपल्या जुन्या चालीने चालत राहिली. कायदा करणाऱ्यांची अपेक्षा होती की व्यापारी हळूहळू स्वतःहून नव्या रीतीकडे वळतील. शेतकऱ्यांचा १८७९ चा कायदा आणि हा, यांच्यात अंतर जेमतेम दोन वर्षांचे. व्यापाऱ्याच्या रिवाजाला धक्का लावायचा तर चौदा वर्षे विचार झाला आणि शेवटी रिवाज जपला. कुणब्याच्या रिवाजाचे, पंचायतीचे आणि दामदुपटाचे काय होईल, याचा १८५९ मध्ये इतका विचार झाल्याचे दिसत नाही. त्यासाठी होळी व्हावी लागली.

नव्या कायद्याने पाठीवरच्या सहीला व्याकरण दिले. नुसती सही केली तर ते कोरे पृष्ठांकन. कागद त्यापुढे ज्याच्या हाती त्याचा, नोटेसारखा. सहीसोबत 'अमुक यांना द्यावे' असे लिहिले तर पूर्ण पृष्ठांकन, आता त्या अमुकची सही लागणार. 'माझ्यावर जबाबदारी नाही' असे लिहूनही सही करता येते, मग कागद वटला नाही तर तुमच्या दारी कुणी येत नाही, मात्र असा कागद घेणाराही दोनदा विचार करतो. शंभरातले साठच दुसऱ्याला, असे तुकड्याने पृष्ठांकन चालत नाही. आणि सही पुरेशी नाही, कागद हाती द्यावा लागतो. सही करून चेक मेजाच्या खणात ठेवला आणि माणूस गेला, तर वारसाने तो खणातून काढून नुसता दुसऱ्याला दिला म्हणून मालकी जात नाही. मेलेल्याची सही आणि जिवंताचा हात, दोन्ही मिळून एक पृष्ठांकन होत नाही. वारसदारांची भांडणे पाहिलेल्या कुणीतरी हे कलम सुचवले असावे, असे मला उगाचच वाटते.

रोखा आणि हुंडी यांतला खरा फरक इथे दिसतो. रोखा दुसऱ्या सावकाराला विकला तर त्याच्याबरोबर त्याचे दोषही जातात. कुणबी नव्या सावकाराला सांगू शकतो: जुन्याला मी निम्मे दिले होते (आता ते सिद्ध करायचे कसे, हा प्रश्न वेगळा). पण हुंडी किंवा चेक ज्याने किंमत मोजून, मुदतीत, मनात किंतु नसताना घेतला, त्याच्यापुढे आधीच्यांच्या आपसातल्या कुरबुरी बहुधा टिकत नाहीत. कागद हातोहात फिरायचा तर तो असाच धुऊन निघावा लागतो. शेतकऱ्याच्या कागदाला हा गुण लागला असता तर त्याचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

पुढची साठ-सत्तर वर्षे लवकर उरकतो. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ मध्ये झाला. दख्खनचा साहाय्य कायदा जाऊन १९४७ चा कर्जनिवारण कायदा आला, सावकारीवर १९४६ चा कायदा बसला. १९५० च्या अखेरीस लोणीजवळ प्रवरेच्या सहकारी कारखान्याने पहिले गाळप सुरू केले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्याशी कायमची जोडली गेली. रोख्यावर नांगर काढणाऱ्यांच्या नातवंडांचे उसाचे पैसे बँकेच्या खात्यावर येऊ लागले. निशाणीची जागा अंगठ्याने घेतली, अंगठ्याची सहीने. तरी चेकच्या पाठीवर अंगठा आला की साक्षीदार मागायची पद्धत बँकांत राहिली. गावनिबंधकाचा शेरा वेगळ्या वेशात तिथे उभा होता.

चेकच्या पाठीचे चांगले दिवस याच काळातले. ऑर्डर चेक दुकानदाराने घ्यावा, पाठीवर सही करून घाऊक व्यापाऱ्याला द्यावा, त्याने आपल्या बँकेत भरावा. पैसे देणाऱ्या बँकेला कायद्याने संरक्षण दिले होते: पृष्ठांकन वरून नीट दिसत असेल आणि पैसे रीतीने दिले असतील, तर खोट्या सहीचा भुर्दंड तिच्यावर नाही. म्हणून कॅशियर नावाचे अक्षरन् अक्षर पाही. पुढे 'शिंदे'ऐवजी चुकून 'शेंडे' पडले असेल, तर पाठीवर आधी 'शेंडे' म्हणून सही करायची आणि खाली आपली खरी. आपले नाव चुकीचे लिहिणाऱ्याची चूक आपणच पाठीवर गिरवायची, हा प्रकार कित्येकांना अपमानाचा वाटे. दुसरीकडे बेअरर चेकच्या बाबतीत १९३४ च्या दुरुस्तीने निकाल लावून ठेवला होता. एकदा बेअरर म्हणून निघाला तो बेअररच, पाठीवर कुणी काहीही लिहिले तरी बँकेने ते मनावर घ्यायचे कारण नाही.

मग कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि 'अकाउंट पेयी' हे शब्द आले, आणि पाठ ओस पडली. असा चेक ज्याच्या नावचा त्याच्याच खात्यात जमा करायचा, दुसऱ्याच्या खात्यात नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना दंडक आहे. चोऱ्या आणि करचुकवेगिरी यांना आळा बसला हे खरे. पण हातोहात फिरण्याचा चेकचा मूळ गुणच त्याने जवळजवळ संपवला. आज चेकच्या मागे आपण लिहितो तो खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर, पेटीत टाकलेला चेक भलतीकडे जाऊ नये म्हणून. कायद्याच्या भाषेत ते पृष्ठांकन नव्हेच.

या दंडकाला एक अपवाद आहे, आणि तो नगरकरांनी वाचावा असा आहे. सहकारी पतसंस्थेच्या सभासदाच्या नावचा अकाउंट पेयी चेक, पन्नास हजारांपर्यंतचा असेल तर, पतसंस्थेच्या खात्यावर वसूल करायची मुभा बँकेला आहे. सभासदाचे बँकेत खाते नसेल, पण पतसंस्थेत आहे, पतसंस्थेचे बँकेत आहे. म्हणून तिने मधे उभे राहायचे, आणि वसूल झालेले पैसे त्या सभासदाच्याच खात्यात जमा करू, अशी हमी बँकेला लिहून द्यायची. नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, तालुक्याच्या गावी एका रस्त्यावर तीन-तीन पतसंस्थांच्या पाट्या दिसतात. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल की ही जुन्या शाहाची गादी आहे? सगळ्यांनाच ती सांभाळता आली नाही, हे ठेवीदार जाणतात.

हुंडीचे नाव बाजारातून गेले. शिर्डीला दक्षिणेकडून येणारी माणसे दानपेटीला हुंडी म्हणतात, तेव्हा नगरच्या नव्या पिढीला तो शब्द तेलुगू वाटतो.

चेक आता गावोगाव प्रवासही करत नाही. तो ज्या बँकेत भरला तिथेच राहतो आणि पुढे जाते ते त्याचे चित्र. यंत्रातून जाताना प्रत्येक चेकच्या तीन प्रतिमा निघतात, दोन पुढच्या बाजूच्या आणि एक मागची. पाठ कोरी असली तरी तिचेही चित्र निघते आणि पुढच्या बाजूच्या चित्रांसोबत पाठवले जाते.